उंदरांच्या रंगामागे, संतपूरपर्यंत

बिदरला लोक किल्ला बघायला जातात. मी उंदीर बघायला निघाले होते. हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "का गं, पुण्यातले संपले का?"

संपले नव्हते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या केसांचा रंग कसा ठरतो, याच कामात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. आमच्याकडे काळे, पिवळे, चॉकलेटी, राखाडी आणि पांढरेशुभ्र उंदीर पिंजऱ्यांत सुखाने राहतात. त्यांनी शेत पाहिलेलं नाही आणि मांजरही पाहिलेलं नाही. रंग कुठलाही निघो, त्यांच्या जिवाला धोका नाही. मला आता असा उंदीर बघायचा होता, ज्याचा रंग मातीत मिसळला नाही तर घुबड त्याला उचलून नेतं. सीमेवरचा हा भाग मुद्दाम निवडला, कारण आळंदकडची जमीन काळी कुळकुळीत आणि बिदरजवळचा माळ तांबडालाल. एका जीपने दोन-चार दिवसांत दोन्ही होतात. काळ्या रानातला उंदीर जास्त काळपट आणि तांबड्या माळावरचा तांबूस असतो का, इतका साधा माझा प्रश्न. त्या प्रश्नाचं काय झालं ते सांगतेच, पण मला परत आल्यावर आठवत राहिलं ते दुसरंच.

मादन हिप्परगा

सोलापूर स्टेशनवर प्रभाकर जीप घेऊन उभा होता. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्याचं नाव सुचवलं होतं. तिशीच्या आतला, दणकट, मराठी-कन्नड-दखनी तिन्ही भाषांत सारखाच बोलका. माझं सामान टपावर चढवताना त्याने पत्र्याच्या छोट्या पेट्यांची चळत हातात घेतली आणि विचारलं, "अक्का, ह्ये काय? डबे हायेत का?"

"उंदीर धरायच्या पेट्या."

त्याने ती चळत अशी खाली ठेवली की जणू आत उंदीर आहेतच. नंतर कळलं, या दणकट माणसाला उंदराची भयंकर भीती वाटते.

मादन हिप्परगा हे त्याचंच गाव. मुक्कामही त्याच्याच घरी होता. त्याची आई शांताबाई, जिला तो कन्नड पद्धतीने 'अव्वा' म्हणतो, दारातच वाट बघत होती. हातपाय धुवायला पाणी देऊन तिने मला थेट चुलीपाशी पाटावर बसवलं. कडक ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार आणि भरल्या वांग्याची भाजी. आमच्या पुण्यात भाकरी मऊ हवी असते, इथे ती पापडासारखी मोडली पाहिजे. मी दोन भाकरींनंतर हात आवरता घेतला, तेव्हा शांताबाईंनी मुलाकडे पाहून म्हटलं, "ह्या बाई लई कमी खायल्यात. उंदरावानी."

शेतात पेट्या लावायला आम्ही सांजेला गेलो तेव्हा बातमी आमच्या पुढे पोचली होती. बांधावर पाच-सहा मंडळी जमली. मी सांगितलं, की पेटीत शेंगदाणे आणि ज्वारी ठेवायची, सकाळी आत आलेला उंदीर हळूच बाहेर काढायचा, केसांचा रंग रंगाच्या पट्टीशी ताडून पाहायचा, चिमूटभर केस आणि कानाचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा आणि जिथे धरला तिथेच सोडून द्यायचा.

शेवटचं वाक्य कुणाला पटेना.

"सोडायचा?" शेताचे मालक मल्लिनाथअण्णा म्हणाले. "धरल्याला उंदीर सोडायचा? बाई, तुमी एक काम करा. पोतं भरून घेऊन जावा. आमी भाड्याचं बघतो."

सकाळी धुकं होतं. तूर गुडघाभर ओली. पेट्या उघडल्या तर निम्म्या भरलेल्या. हे शेतउंदीर म्हणजे अंगठ्याएवढा जीव, पाठ मातकट, पोट पांढरं. मी एकाचा केस भिंगाखाली धरून अण्णांना दाखवला. उंदराचा एक केस नीट पाहिला तर तो एका रंगाचा नसतो. मुळाशी काळा, टोकाजवळ पिवळा पट्टा, पुन्हा टोक काळं. केस वाढत असताना कातडीतली रंग बनवणारी पेशी आधी काळा रंग भरते. मग एक जनुक जागं होतं आणि तिला सांगतं, थांब, आता पिवळा. थोड्या वेळाने ते गप्प बसतं, की पुन्हा काळा सुरू. काळ्या-पिवळ्याच्या या मिश्रणातून लांबून आपल्याला मातकट रंग दिसतो. हे थांबवणारं जनुक बिघडलं तर उंदीर सगळाच काळा. ते गप्पच बसलं नाही तर सगळा पिवळा.

अण्णांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आणि ह्येनं माझी ज्वारी खाल्ली, त्येचा रंग कुठं लागला ह्येला?"

काम आटोपून आम्ही बसवकल्याणच्या दिशेने निघालो. शांताबाईही त्याच दिवशी एसटीने पुढे माहेरी, औराद तालुक्यातल्या संतपूरला जाणार होत्या. येळवस, म्हणजे इकडचा शेतातला अमावास्येचा सण, जवळ आली होती. घरच्या शेताची पूजा थोरला मुलगा आणि सून बघणार होते. "तुमीबी या संतपूरला," त्या मला म्हणाल्या. "येळवस बगितली का कधी?"

आम्ही बरंच अंतर कापलं आणि मागच्या सीटवरून खुडबुड ऐकू आली.

प्रभाकरने जीप अशी थांबवली की माझी पिशवी पुढच्या काचेवर आदळली. तो दार उघडून रस्त्याच्या पलीकडे उभा होता, मी अजून सीटवरच. रिकामी समजून जीपमध्ये ठेवलेल्या एका पेटीत उंदीर राहून गेला होता. छान गोल डोळ्यांचा, शेंगदाणे संपवून अंग चाटत बसलेला.

"इथंच सोडा की, अक्का! इथंबी शेतच हाय!" पलीकडून आवाज आला.

पण तो तिथला नव्हता. त्याचं बीळ, त्याचा ओळखीचा बांध, कदाचित पिल्लं, सगळं हिप्परग्यात. आणि परक्या मातीत सोडला तर उद्या कुणी दुसरा संशोधक तिथे आला, की माझ्यामुळे त्याचा हिशेब चुकणार. मी म्हटलं, "माघारी जायचं."

प्रभाकरने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आतापर्यंत फक्त माझ्या नवऱ्याने पाहिलं आहे. पण जीप वळवली. मल्लिनाथअण्णांच्या बांधावर मी तो उंदीर सोडला. तो तुरीत गेला. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते. "पाव्हणा जीपमंदी फिरून आला म्हणा," ते म्हणाले आणि चहाला घेऊन गेले.

कोहिनूर

या उशिरामुळे कोहिनूरला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. नाव कोहिनूर, पण चमकतं ते इथे एवढंच, की नांगरलेल्या काळ्या ढेकळांवर तिरपं ऊन पडलं की ती तेलकट दिसतात. गावाबाहेर एका ओळखीच्या शेतात पेट्या लावल्या आणि विहिरीच्या कठड्यावर आम्ही शेंगा फोडत बसलो. उंदीर जवळ नव्हते म्हणून प्रभाकर निवांत होता. पण बोलत नव्हता, हेच आश्चर्य. मग एकदम त्याने विचारलं, "अक्का, तुमच्याकडं पांढरे उंदीर हायेत म्हणलाव. त्येंची पिल्लं पांढरीच व्हत्यात का?"

"दोन्ही पांढरे असले तर पांढरीच."

"आन् एक पांढरा आन् एक साधा आसला तर?"

"ते साध्यावर अवलंबून आहे."

तो शेंगेचं टरफल चुरत राहिला. "मंजी कसं?"

मी त्याला नीट सांगायला घेतलं, कारण हा प्रश्न मला आवडतो. रंग बनवायची एक कृती असते, स्वयंपाकाच्या कृतीसारखी. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक फाटकी निघाली तरी दुसरीवरून काम भागतं, रंग ठीक येतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दोन्ही फाटक्या आल्या तरच जीव पांढरा होतो. मग बाकीची जनुकं काळा म्हणोत नाहीतर पिवळा, उपयोग नाही. चूलच पेटली नाही तर भाजी करपेल की कच्ची राहील, हा वादच उरत नाही.

"मंजी साधा दिसणाऱ्यात एक फाटकी आसू शकती."

"असू शकते. दिसून कळत नाही."

त्याने मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाला, "अक्का, मी उंदराचं इचारत न्हाई."

आणि त्याने सांगितलं. संतपूरला त्याचे मामा आहेत, विठ्ठलमामा, शांताबाईंचे सख्खे भाऊ. मामांची मुलगी रोहिणी जन्मापासून पांढरी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, उन्हात डोळे उघडत नाहीत. प्राथमिक शाळेत शिकवते. प्रभाकरला तिच्याशी लग्न करायचं आहे, लहानपणापासून करायचं आहे. तिलाही तो आवडतो. आपल्याकडे मामाच्या मुलीवरून थट्टा चालते, पण ती बहुधा थट्टेवरच थांबते. इथे ते नातं सरळ लग्नाचं मानतात, कन्नड घरांत तर मामा स्वतःच भाचीशी लग्न करतो. मामांनीही त्यांच्या मामाच्या मुलीशीच लग्न केलेलं. तेव्हा नात्याची काही अडचण नव्हती. अडचण शांताबाईंची होती. भाचीवर त्यांचा जीव, पण सून म्हणून म्हटलं की त्या म्हणत, पोरगी सोन्यासारखी आहे, पण पोटाला तसलंच आलं तर?

"अव्वा येळवशीला त्येच बोलायला गेलीय," प्रभाकर म्हणाला. "व्हय किंवा न्हाई, ह्या खेपेला व्हणार. तुमीच सांगा. माझ्यात हाय का फाटकी?"

पिंजऱ्यातल्या उंदरांबद्दल मी हे उत्तर झोपेत देईन. इथे मी बोटांवर मोजत, जपून बोलले. रोहिणीला दोन्ही फाटक्या आल्या, म्हणजे एक तिच्या वडिलांकडे नक्की आहे. त्यांना ती त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून आली. म्हणजे त्यांच्या बहिणीकडे, शांताबाईंकडे, असायची शक्यता निम्मी. आणि प्रभाकरकडे त्याच्या निम्मी. चारात एक.

"आन् चारात तीन न्हाई?"

"चारात तीन नाही. नसली तर तुमचं एकही मूल पांढरं होणार नाही. असली तर प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं, निम्मं-निम्मं. रक्त तपासून सांगता येतं. आधी रोहिणीचं तपासायचं, तिच्यात नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं, मग तेच तुझ्यात आहे का पाहायचं."

त्याने मान डोलावली. परतताना कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मी अर्थ विचारला नाही.

बिदर

बिदर जवळ आलं आणि मातीने रंग बदलला. बांधाच्या कडा, खड्डे, जुन्या भिंतींचे दगड, रस्त्याकडेच्या झाडांची पानं, सगळं विटकरी. माझा पांढरा कुर्ता दुपारपर्यंत गेरू लावल्यासारखा झाला. बिदरी काम करणाऱ्या एका दुकानात शिरले. काळ्या धातूवर चांदीची नक्षी. किल्ल्यातली जुनी माती लावली की धातू काळा होतो आणि चांदी पांढरीच राहते, असं दुकानदारांनी समजावलं. एक छोटी डबी घेतली आणि लगेच माळावर गेले, कारण मला माझा तांबडा उंदीर हवा होता.

तो मिळाला! सकाळी तिसरीच पेटी उघडली आणि आतून जो जीव बाहेर आला तो खरोखर तांबूस होता. पाठीवर विटकरी झाक, कान गुलाबी. मी प्रभाकरला ओरडून बोलावलं. तो दहा हात लांबच थांबला. मी रंगाची पट्टी काढली, फोटो घेतले, मनात शोधनिबंधाचं शीर्षकही जुळवलं. मग केस घ्यायला अंगठ्याने पाठ जरा विंचरली.

अंगठा लाल झाला. उंदीर मातकट झाला.

तो रंग जनुकांचा नव्हता, बिदरच्या धुळीचा होता. उंदराने माझ्या तळहातावर दोन वेळा अंग झटकलं, आणखी मातकट झाला, आणि मी त्याला सोडून दिलं. प्रभाकर लांबून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला ते बरंच वाटलं. कोहिनूरपासून तो हसला नव्हता.

संतपूर

आमच्याकडे अमावास्या म्हटली की माणसं नवं काम पुढे ढकलतात. इथे मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं कुलूप लावून शेतात जातात. येळवस. रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली, प्रत्येकावर डेगी, मडकी, टोपल्या आणि नवी लुगडी. विठ्ठलमामांच्या शेतात कडब्याची खोप केली होती, आत चुन्याने रंगवलेले दगड मांडून पूजा झाली होती. शेजारच्या शेतातून, त्याच्या शेजारच्या शेतातून बोलावणी येत होती. या दिवशी कुणीही कुणाच्याही शेतात जेवू शकतं. मी अनोळखी पाहुणी, पण माझ्यासाठी घोंगडी आधीच अंथरलेली.

रोहिणी बाभळीच्या सावलीत बसून पत्रावळी मांडत होती. डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, काळा चष्मा, टोपीखालून आलेली वेणी वाळलेल्या कडब्याच्या रंगाची. जवळ गेले तेव्हा तिने चष्मा उतरवून डोळे बारीक केले. बुबुळं हलकी निळसर, सतत किंचित थरथरणारी. लांबचं तिला नीट दिसत नव्हतं, पण सावलीत ती माझ्याकडे थेट पाहत होती.

"तुमी उंदरांच्या मॅडम," ती हसून म्हणाली. "परभानं समदं सांगितलंय मला. चारात एक."

माझा चेहरा पडला असावा. "आवं, मला राग न्हाई आला," ती म्हणाली. "कुणीतरी आकडा तर सांगितला. आत्तापतुर नुसत्या बायांच्या गोष्टीच ऐकल्या म्या."

जेवणं मांडली. या दिवसाची भज्जी म्हणजे तूर, वाल, हरभरा, वाटाणा, मेथी, रानातलं जे जे हिरवं असेल ते सगळं बेसनात शिजवलेली गरगट भाजी. सोबत ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली थंड आंबील. मी दोनदा भज्जी मागून घेतली, तेव्हा शांताबाई समाधानाने म्हणाल्या, "आता खायल्या माणसावानी." रोहिणीची आई कमलाबाई वाकून वाकून सगळ्यांना वाढत होती. बारीक चणीची, गप्प बाई. माहेरवाशीण नणंद आली म्हणून तिचं पान पहिलं वाढलं होतं.

विषय शांताबाईंनीच काढला, आंबिलीचा पेला हातात घेऊन. "विठ्ठला, माझं मन कशाला नको म्हणंल? तुझी लेक ती माझी लेक. पण ही पोटात आसताना वैनीनं ग्रहणात वाळूक चिरलं हुतं. म्या सवता बगितलं हुतं. नको नको म्हणत हुते."

कमलाबाईचा हात पळीवर तसाच राहिला. हे वाक्य तिने आजवर किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रोहिणी माझ्याकडे वळली. "मॅडम, सांगा की ह्यांना. मी पांढरी कामून झाले?"

पाहुणी म्हणून पत्रावळीवर बसलेल्या माणसाने असल्या वेळी भाजीची चव वाखाणावी, हे मला कळत होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ग्रहणाचा काही संबंध नाही. आमच्याकडे पांढरी पिल्लं होतात तेव्हा ग्रहण नसतं, आणि उंदरीण काही चिरतही नाही."

मंडळी हसली. मग मी प्रभाकरला सांगितलेली दोन प्रतींची गोष्ट पुन्हा सांगितली. एक आईकडून, एक वडिलांकडून, आणि दोन्ही फाटक्या.

"वडलाकडनं?" विठ्ठलमामा म्हणाले. "मंजी माझ्याकडनं?"

"एक तुमच्याकडून, एक मामींकडून. बरोबर निम्मं निम्मं. आणि तुमच्याकडे तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेली."

शांताबाईंनी पेला खाली ठेवला. "मंजी आमच्याच घरातनं? माझ्या आयबाच्या?"

"हो."

"मग माझ्यातबी आसंल?"

"असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता."

लांबच्या शेतात पोरं ओरडत होती. मग कमलाबाई पहिल्यांदाच बोलली, कुणाकडे न बघता, पळीकडे बघत. "म्या तवापासून वाळूक चिरलं न्हाई. घरात आलं तरी न्हाई. रोहिणी सव्वीस वरसांची झाली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाजही चढला नव्हता. मला वाटलं, आता शांताबाई उठून जातील. त्या उठल्या. पण त्यांनी वहिनीच्या हातातली पळी घेतली आणि तिच्या खांद्याला धरून तिला स्वतःच्या जागी, स्वतःच्या पत्रावळीसमोर बसवलं. "तू बस, वैने," त्या म्हणाल्या. "मी वाढते." एवढंच. मग डेग उचलली आणि ओळीने भज्जी वाढत सुटल्या, नको म्हणणाऱ्यालाही.

मी प्रभाकरला सांगितलं होतं तेच सगळ्यांसमोर सांगितलं, की रक्ताची तपासणी करता येते. माझ्या ओळखीने पुण्यात होईल.

"तपासायचं तर त्येचं तपासा," रोहिणी म्हणाली. "माझं तर दिसायलंच की."

हशा पिकला. ती मात्र हसली नाही. प्रभाकर बसला होता त्या दिशेने मान करून तिने विचारलं, "आन् निघालं तुझ्यात, तर?"

हा दणकट गडी हातातला उंडा मोडत बसला. "लेकराला उनाचा तरास व्हईल," शेवटी तो म्हणाला. "नीट दिसणार न्हाई. शाळंत चिडवतील."

"मला चिडवत हुते तवा तू काय करत हुतास? सुटीला यायचास न्हव का इथं?"

"मारत हुतो पोरांना."

"मग? तवाबी मार."

आता सगळेच हसले, मामांसकट. पण ती थांबली नाही. "हे बग परभा. मी शाळा शिकवते. पोरांना कन्नड न्हाई आलं तर मराठीत सांगते, मराठी न्हाई आलं तर कन्नडमंदी. फळ्याजवळ नाक न्हेऊन वाचते, पण वाचते. माझ्यासारखं एक झालं तर मला त्येची भीती न्हाई. टोपी कशी घालायची ते शिकवीन. तुला भीती आसंल तर आत्ता सांग. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर सांगू नगंस. कागद बगून हो म्हणणारा नवरा मला नको."

प्रभाकरने मान वर केली. "भीती हाय," तो म्हणाला. "तरी करायचंय."

"आत्या, ऐकलाव का?" रोहिणीने विचारलं.

"ऐकले," शांताबाई म्हणाल्या आणि माझ्या पत्रावळीवर, मी दोन्ही हात आडवे धरलेले असताना, तिसऱ्यांदा भज्जी ओतली.

परत

प्रभाकरने मला बिदर स्टेशनवर सोडलं. निघताना त्याने पेट्यांची चळत स्वतः उचलून डब्यात ठेवली, आधी प्रत्येक पेटी कानाशी हलवून.

पुण्याला आल्यावर केस तपासले. काळ्या रानातले उंदीर बिदरच्या माळावरच्यांपेक्षा किंचित गडद वाटतात, इतकं म्हणता येईल. पण माझ्याकडचे उंदीर थोडे आणि फरक बारीक. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन जास्त धरल्याशिवाय मी त्यावर काही लिहिणार नाही. सासूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला, की धूळ धुतल्यावर सगळे सारखेच.

मधे रोहिणीचा फोन आला. फोन तोंडाजवळ अगदी चिकटवून बोलते, श्वासही ऐकू येतो. लग्न ठरलं म्हणाली. तपासणीचं काय, असं मी विचारलं. ती लग्नानंतर करू, आधी नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. मी तिला कातडी आणि डोळे दाखवायला कुणाकडे जायचं ते सांगितलं, तिने ते मन लावून ऐकून घेतलं. मग मी मुहूर्त विचारला. दुपारचा असेल तर रात्रीच्या गाडीने यायचं म्हणून.

"दुपारचाच काढला हुता," ती म्हणाली. "आत्या भांडली. गोरज मुहूर्तच पायजे म्हणाली, दिवस मावळता. भटजी म्हणाले त्या दिशी गोरज न्हाई, तर तिनं दिवसच बदलाया लावला."

"का बरं?"

"उनात मला डोळं उघडाया येत न्हाईत ना, मॅडम. आत्या म्हणाली, पोरीला तिच्या लग्नात समदं दिसलं पायजे."